होडीला टेकू

बीड जिल्ह्यातल्या माणसाने होडी वाळूवर उभी करण्याबद्दल लिहावे, हे ऐकून कोकणातला वाचक हसेल. हसू दे. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही. उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी वाहते, पण उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. तरीही या विषयातली मुख्य गोष्ट आम्हाला लहानपणापासून ठाऊक असते, कारण ती बैलगाडीत दडलेली आहे.

दोन चाकांची गाडी बैल जुंपलेले असेतो उभी असते. बैल सोडले की जू जमिनीकडे येते. म्हणून जुवाखाली लाकडाचा टेकू देतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातले हजारो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. आता ट्रॅक्टर वाढले, तरी टायरच्या बैलगाड्या अजून फडात दिसतात. त्यांच्यात ऊस भरताना जाणता गाडीवान भार कुठे बसतो आहे, हे डोळ्यांनीच तोलत असतो. ओझे मागे गेले तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे आले तर ती धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर बसते. चांगल्या भरलेल्या गाडीचे जवळजवळ सगळे ओझे आखावर असते आणि जुवाखालच्या टेकूवर अगदी थोडे. ज्या टेकूला खरोखर गाडी पेलावी लागते, तो टेकू मोडतो.

होडी वाळूवर सरळ उभी ठेवण्यासाठी तिला लावतात त्या पायांचेही सगळे शास्त्र हेच आहे. टेकूने भार वाहायचा नसतो, तोल राखायचा असतो. हे एकदा ध्यानात धरले की बाकीची मापे आपोआप सुचतात.

होडी पडते का?

शिडाच्या होडीच्या तळाशी मधोमध, पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, मागच्या टोकापर्यंत एक जाड लाकूड असते. होडीचा हा कणा. आपल्या किनाऱ्यावरचे जुने कारागीर त्याला ‘पठाण’ म्हणतात. शिडात वारा भरला की होडी आडवी सरकू पाहते. तिला सरळ रेषेत धरून ठेवण्यासाठी हा कणा तळाच्या खाली उतरलेला हवा. अलीकडच्या छोट्या शिडाच्या होड्यांत तर तो अर्धा-पाऊण मीटर खाली गेलेला असतो. पाण्यात हा कणा होडीला सावरतो. पण पाणी ओसरले की तीच होडी एका धारेवर उभी राहते आणि धारेवर कोण किती वेळ उभे राहणार? ती कुशीवर पडते.

मऊ वाळूत हळूच कलंडली तर फारसे बिघडत नाही. पण कुशीखाली दगड असला तर फळी फुटते. बाजू फार खाली गेली तर परत येणारी भरती होडीला उचलण्याआधीच आत शिरते. आणि तळाची शेवाळे व शिंपले खरवडायचे, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा, तर आडव्या होडीची एकच बाजू हाती येते. दोन्ही बाजूंनी काम करायचे असेल तर होडी सरळ उभी हवी. म्हणून दोन्ही कुशींना एकेक पाय लावायचा. भरतीच्या पाण्यात होडी तरंगत असतानाच पाय बसवायचे, ओहोटीबरोबर तिला अलगद खाली बसू द्यायचे, पाच-सहा तास काम उरकायचे आणि पुढच्या भरतीला पुन्हा तरंगायचे. क्रेन नको, गोदीचे भाडे नको.

सपाट तळाच्या होडीला हा खटाटोप लागत नाही. आमच्याकडे माजलगावच्या आणि मांजरा धरणाच्या पाण्यात मासेमारी चालते. तिथल्या सपाट बुडाच्या होड्या गाळात ताटासारख्या बसतात. मात्र कोकणातली ओहोटी सहा तासांची असते, आमची कधीकधी सबंध हंगामाची. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. ते धरण आमच्या केज तालुक्यात, धनेगावला आहे. भेगाळलेल्या तळावर बसलेली होडी म्हणजे काय, हे कळायला आम्हाला समुद्र लागत नाही.

कोकणची जुनी रीत

आपल्या किनाऱ्यावर होडी जमिनीवर घेण्याची परंपरा मोठी आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी बंदराबंदरांत होड्या शाकारण्याची घाई उडते. ओंडक्यांवरून होडी वर ओढायची, कण्याखाली लाकडे घालायची, दोन्ही कुशींना टेकू द्यायचे आणि वरून झावळ्यांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर करायचे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा समुद्र.

मालवणकडे उलांडीची होडी चालते. अरुंद होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांच्या टोकाशी बांधलेले लांबट लाकूड म्हणजे उलांडी. ती पाण्यात होडीचा तोल राखते. होडीचे वजन ती उचलत नाही, फक्त कलंडू देत नाही. म्हणजे पाण्यावरचा टेकूच.

मोठ्या जहाजांसाठी मराठ्यांनी भरती-ओहोटीच्याच जोरावर गोदी बांधली. विजयदुर्गापासून थोड्या अंतरावर, वाघोटण खाडीच्या एका फाट्यावर गिर्ये येथे ती आजही पाहता येते. सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. यंत्राने पाणी उपसण्याची सोय तेव्हा नव्हती. ते काम समुद्राकडेच सोपवलेले होते. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला पाणी गेले की दुरुस्तीला लागायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याआधी आरमार छावणीला कसे न्यावे, याचाही विचार त्यात केलेला आहे. जहाज चालवणे आणि जहाज जमिनीवर बसवणे, या दोन्ही विद्या त्या काळी बरोबरीने महत्त्वाच्या होत्या.

मुंबईत १७५० च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया यांनी बांधलेली सुकी गोदी हा पुढचा टप्पा. तिथेही जहाज कण्याखालच्या ठोकळ्यांवर बसवायचे आणि कुशींना लाकडाचे टेकू द्यायचे. वाडिया घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे.

पाय किती लांब?

आता हाताने करायच्या कामाकडे येऊ. नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो. तो कण्याच्या तळापर्यंत माप घेतो आणि पाय बरोबर तेवढेच करतो, किंवा ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून लांब ठेवतो. पाय कण्यापेक्षा लांब झाला की होडीचा कणा अधांतरी राहतो आणि सगळे वजन दोन बोल्टांवर लटकते. समजा होडी १,२०० किलोची आहे. मग प्रत्येक बोल्टावर ६०० किलो. फळी चिरायला याहून वेगळे कारण लागत नाही.

म्हणून पाय कण्यापेक्षा मुद्दाम आखूड ठेवायचा. छोट्या होडीला सुमारे ४ सें.मी. पुरे. मग होडी आधी कण्यावर बसते आणि नंतर अगदी किंचित एका बाजूला झुकून त्या बाजूच्या पायावर टेकते. दुसरा पाय जमिनीपासून थोडा वर राहतो. पाहणाऱ्याला वाटते, पाय चुकला. खरे तर तेच बरोबर.

हिशेब करून पाहू. पाय होडीच्या मध्यरेषेपासून १.१ मीटर दूर आहे. तो ४ सें.मी. आखूड असला तर होडी सुमारे दोन अंश झुकेल. होडीचा गुरुत्वमध्य कण्याच्या तळापासून ७० सें.मी. उंच धरला, तर दोन अंशांच्या झुकावाने तो मध्यरेषेपासून जेमतेम अडीच सें.मी. बाजूला सरकतो. १,२०० किलोला अडीच सें.मी.ने गुणा आणि ११० सें.मी.ने भागा. पायावर येणारा भार निघतो २७-२८ किलो. बाराशे किलोची होडी आणि पायावर सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढे ओझे! बाकी सगळे कण्यावर.

मग पाय काडीसारखे करायचे का? नाही. ७० किलोचा माणूस होडीच्या काठावर, मध्यरेषेपासून एक मीटरवर बसला तर पायावर आणखी ६०-६५ किलो येतात. वारा आडवा लागला की त्यात भर. आणि खरा कस पाणी ओसरताना आणि परत येताना लागतो. तेव्हा होडी अर्धी तरंगते, अर्धी टेकते आणि प्रत्येक लाट तिला उचलून आपटते. म्हणून रोजच्या भारासाठी नव्हे, तर या आपटण्यासाठी पाय मजबूत करायचा. वेळ आली तर एका पायाने होडीचे अर्धे वजन क्षणभर झेलावे, इतकी ताकद त्यात हवी.

पाय कसा करायचा?

लाकूड सरळ धाग्याचे, गाठी नसलेले हवे. छोट्या होडीसाठी साडेसात सें.मी. चौरस जाडीचा वासा चालतो. सागवान उत्तम. आमच्याकडे बैलगाडीला वापरतात ती बाभूळही चिवट असते, पण सरळ लांब तुकडा मिळणे कठीण. बांबू मोहात पाडतो. तो हलका आणि स्वस्त असतो. मात्र आतून पोकळ असल्याने बोल्टाच्या जागी चेपतो, चिरतो. तो टाळावा.

पायाचे वरचे टोक होडीच्या काठाजवळ, पाण्याच्या रेषेच्या बरेच वर, एका जाड बोल्टाने कुशीला जोडतात. बोल्टाचे भोक नुसत्या फळीत पाडले तर फळी फाटेल. म्हणून जागा निवडायची ती आतल्या फासळीशी आणि आतून जाड लाकडी तक्ता लावायचा, म्हणजे ताण एका ठिकाणी न बसता पसरतो. बोल्टाखाली मोठे वायसर हवेत. बाहेरून पाय आणि कूस यांच्यामध्ये कुशीच्या गोलाईला जुळणारा ठोकळा आणि त्यावर रबराचा तुकडा द्यायचा. पाय ओळंब्यात उभा राहायला हवा. खालचे टोक किंचित बाहेर गेले तर चालेल, आत मात्र कधीही नाही.

लांबीच्या दिशेने पाय कुठे लावायचे? होडी सर्वांत रुंद असते तिथे, गुरुत्वमध्याच्या आसपास. पुढे-मागे तोल राखायचे काम कणा करतो, तो लांब असतो. पण नाळेत नांगर, साखळी आणि पाण्याचे कॅन ठेवलेले असतील तर होडी धुरजड होते आणि नाक टेकते. अशा वेळी पाय बदलायचे नाहीत, सामान मागे सरकवायचे. गाडीवानाला हे सांगावे लागत नाही.

एका बोल्टावर लटकलेला पाय मागेपुढे झुलू शकतो. म्हणून पायाच्या खालच्या टोकाशी कडी लावून दोन दोर बांधायचे, एक नाळेकडे आणि एक मागे. तंबूच्या खांबाला तणावे असतात, तसेच. हे दोर ढिले राहिले तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. होडी घसरून पडण्याचे मोठे कारण पाय मोडणे नसते, पाय सरकणे असते.

तळाला फळी हवीच. साडेसात सें.मी. चौरस टोकावर ९० किलो आले, तर दर चौरस सें.मी.ला सुमारे १.६ किलो दाब पडतो आणि ते टोक ओल्या वाळूत खुंटीसारखे रुतते. तिथेच ३० सें.मी. चौरस फळी ठोकली तर दाब ०.१ किलोवर येतो, म्हणजे सोळावा हिस्सा. एका पायावर उभा राहिलेला माणूस जमिनीवर याच्या तिप्पट-चौपट दाब देतो. तेव्हा परीक्षा सोपी आहे: जिथे आपला पाय घोट्यापर्यंत जात नाही, तिथे फळी रुतणार नाही. काळ्या चिखलात मात्र फळीच्या भरवशावर राहू नये. तिथे कणाच किती खाली जाईल सांगता येत नाही आणि कणा रुतला की पाय आपोआप लांब ठरतात.

लाकडाची एक गंमत आहे: ते तरंगते. होडी पाण्यात असताना पाय वर उसळू पाहतो आणि तणावे सैल करतो. तळाशी लोखंडी पट्टी किंवा शिसे लावले की तो ताठ उभा राहतो. लाकूड नको असेल तर नळीत नळी घालून लोखंडी पाय करता येतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पुढे उभे करण्याचा स्टँड ज्याने पाहिला आहे, त्याला खिळीच्या भोकांनी उंची बदलण्याची युक्ती समजावून सांगायला नको. उतरत्या वाळूवर तिचा फार उपयोग होतो. मात्र खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक लवकर गंजतो. म्हणून नळी, खिळी आणि बोल्ट शक्यतो एकाच धातूचे घ्यावेत आणि दर हंगामाला उघडून पाहावेत.

तिथी पाहून होडी बसवा

पाय तयार झाले, पण दिवस चुकला तरी फसगत होते. भरती-ओहोटीचे एक चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचे असते आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते: पाणी खूप चढते, खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती: चढ-उतार थोडा. मुंबईत मोठ्या उधाणाला हा फरक चार मीटरांच्या पुढे जातो, गोव्याकडे दोन मीटरांच्या आसपास राहतो. तिकडे गुजरातेत भावनगरला तो दहा मीटरांवर जातो. त्याच जोरावर अलंगच्या किनाऱ्यावर अजस्र जहाजे थेट वाळूवर चढवून तोडली जातात.

कोकण किनाऱ्यावर तोंडी हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आता हाच हिशेब आपल्या कामाला लावू. चतुर्थीला सकाळी नऊला पूर्ण ओहोटी असते. काम करायला सोयीची वेळ. पण उधाण ओसरू लागलेले असते. आज ज्या उंचीवर होडी बसवली तिथपर्यंत उद्याचे पाणी येईलच असे नाही. मग होडी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरवडा, वाळूवर अडकते.

द्वादशी-त्रयोदशी पाहा. बाराचे पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरतीच्या माथ्यावर होडी आणायची, दुपारी तीनला तळ पूर्ण मोकळा आणि रात्री नऊला पुन्हा पाणी. आणि उधाण अजून चढत असते, त्यामुळे आजची संधी हुकली तरी पुढचे दिवस हाती राहतात. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. त्यांतल्या लहान भरतीला होडी बसवली तर मोठी भरती तिला नक्की उचलते. तिथीचा हिशेब अंदाजाला चांगला आहे. नेमक्या वेळेसाठी आणि उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण खात्याची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत.

आदल्या ओहोटीला चालत जाऊन जागा बघायची. दगड, बाटल्या, जुन्या खुंट्या उचलून टाकायच्या. जागा सपाट आणि लाटांपासून आडोशाची हवी. पहिल्या वेळी एकदम मोकळ्या वाळूवर जाऊ नये. धक्क्याच्या भिंतीशेजारी, डोलकाठीवरून भिंतीला दोर बांधून परीक्षा घ्यावी. होडी टेकत असताना सगळ्यांनी मधोमध बसावे, उगाच इकडून तिकडे फिरू नये. टेकली की खाली उतरून दोन्ही फळ्यांखालची वाळू आणि चारही तणावे तपासावेत. तळ खरवडताना होडीला जोराने आडवे रेटू नये आणि मुलांना कुशीखाली खेळू देऊ नये.

कुबड्या

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, सां मालोच्या बाजूला, मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरांपर्यंत चढते-उतरते. तिथल्या बंदरांत ओहोटीला शिडाच्या होड्या दोन दोन पायांवर रांगेत उभ्या दिसतात. फ्रेंचांनी या पायांना दिलेल्या नावाचा अर्थ आहे ‘कुबड्या’. शब्द नेमका आहे. कुबडी घेतलेला माणूस आपल्याच पायावर उभा असतो. कुबडी फक्त पडू देत नाही.

आपल्याकडे हौसेखातर शिडाची छोटी होडी बांधणारी, जुनी होडी विकत घेऊन दुरुस्त करणारी तरुण मंडळी आता दिसू लागली आहेत. त्यांनी पायांचे सामान घेण्याआधी एक दिवस एखाद्या जुन्या बंदरावर मे महिन्याच्या शेवटी जावे, होडी शाकारणाऱ्यांजवळ बसावे आणि टेकू कुठे, किती कोनात, किती घट्ट देतात ते बघावे. कोकण दूर वाटत असेल तर बैल सोडलेल्या गाडीपाशी थांबले तरी चालेल. जुवाखालचा टेकू हाताने हलवून पाहा. गाडी नीट भरलेली असेल, तर तो सहज निघून येईल.